मित्रासाठी आलोय

वेटिंग रूममधे खुर्च्या रिकाम्या होत्या आणि माणसं उभी होती. हे माझ्या लक्षात यायला दोन-तीन मिनिटं गेली, कारण मी स्वतःच आत शिरल्या शिरल्या भिंतीला खांदा टेकवून, मोबाईल काढून उभा राहिलो होतो. कुणी खिडकीपाशी, कुणी पाण्याच्या फिल्टरपाशी, एक आजोबा तर गणपतीच्या फोटोसमोर इतका वेळ उभे होते की मला वाटलं फारच भाविक दिसतात. बसल्या होत्या त्या फक्त सोबत आलेल्या बायका, मांडीवर रिपोर्टच्या पिशव्या घेऊन. टिळक रोडच्या मागच्या एका जुन्या बिल्डिंगचा दुसरा मजला, लिफ्ट नाही, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर ‘येथे थुंकू नये’च्या खाली थुंकलेलं. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. सगळ्यांना एकमेकांचं माहिती होतं आणि तरीही सगळे असे उभे, जसं काही इथून जाता जाता सहज डोकावलोय.

तेवढ्यात जिन्यातून खाकी शर्ट वर आला. आमच्या लेकीचे रिक्षावाले काका. रोज सकाळी सात दहाला सोसायटीच्या गेटवर हॉर्न वाजवणारे, आठ पोरं आणि आठ दप्तरं सिंहगड रोडवरून कर्वेनगरला नेऊन सोडणारे. मी मान खाली घालायच्या आत त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला, परगावी ओळखीचं माणूस दिसल्यावर उजळतो ना तसा. “अरे साहेब! तुम्हाला पण का?” एवढ्या मोठ्यानं, की गणपतीसमोरचे आजोबाही वळले.

“नाही नाही,” मी म्हटलं, “मित्रासाठी आलोय. तो आत आहे.”

वाक्य इतकं गुळगुळीत बाहेर पडलं की मलाच नवल वाटलं. काकांचा चेहरा होता तसा राहिला पण त्यातला उजेड गेला. “हां हां, बरोबर,” म्हणाले आणि फिल्टरपाशी जाऊन उभे राहिले. आता आत मित्र आहे म्हटल्यावर माझं नाव पुकारलं तर काय, म्हणून मी “त्याला वेळ लागेल, मी खाली थांबतो” असं कुणीही न विचारता जाहीर केलं, खाली उतरलो, अमृततुल्यात उभ्यानं दोन चहा घेतले, नंबर घालवला आणि तासाभरानं खाकी शर्ट निघून गेल्याची खात्री करून परत वर गेलो तर माझ्यापुढे नऊ जण. बेचाळीस वर्षांचा माणूस, दोन होमलोन फेडतोय, टीममधे चौदा लोक आहेत, आणि हे असं.

त्या दिवशी डॉक्टरांनी काय काय सांगितलं त्यातलं अर्धं मी विसरलो. ते “हां हां, बरोबर” मात्र जात नाही डोक्यातून.

तर, भगंदर. लिहून टाकला शब्द एकदाचा. मूळव्याध म्हणायला माणसाला काही वाटत नाही, मूळव्याधीवर आपल्याकडे विनोद आहेत, लग्नाच्या पंगतीत ठेचा वाढताना “जपून हं, सकाळी आठवण येईल” असं काका-मामा मोठ्यानं म्हणतात. भगंदरावर विनोद नाही. तो शब्द फक्त भिंतीवर असतो. ‘मूळव्याध, फिशर, भगंदर. विना ऑपरेशन, विना टाके’, खाली मोबाईल नंबर, निळ्या किंवा पिवळ्या रंगात. दुसरी-तिसरीत होतो, नुकतं जोडाक्षरं धड वाचता यायला लागली होती आणि दिसेल ते मोठ्यानं वाचायचं वेड होतं. स्वारगेटला साताऱ्याच्या एसटीत बसलो होतो, खिडकीतून समोरची भिंत वाचली आणि विचारलं, “आई, भगंदर म्हणजे काय गं?” आख्खी एसटी गप्प झाली. आईनं दंडाला चिमटा काढला आणि हातात पॉपिन्स दिली. तो चिमटा इतका अचूक होता की पुढची पस्तीस वर्षं मी तो शब्द उच्चारला नाही, आणि मग एमआरआयच्या रिपोर्टवर तोच माझ्या नावाखाली, इंग्रजीत, फिस्टुला-इन-अ‍ॅनो. इंग्रजीत कसा एखाद्या इटालियन पदार्थासारखा वाटतो.

सुरुवात झाली गणपतीत. बसायच्या जागेच्या शेजारी एक गळू. दुखणं असं की ठणका मोजता येत होता, नाडीबरोबर चालायचा. आरती उभ्यानं असते म्हणून निभावलं, पण अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना मांडी घालून बसायची वेळ आली तेव्हा मी प्रसादाचं काहीतरी बघतो म्हणून स्वयंपाकघरात पळालो. चौथ्या दिवशी ताप चढला, जवळच्या सर्जननं चीर देऊन पू काढला आणि इतकं हलकं वाटलं की मी त्याच दिवशी तिथं पेढे पाठवले. तो म्हणाला होता, “यातल्या काही जणांना पुढे भगंदर होतं, लक्ष ठेवा.” मी लक्ष ठेवलं नाही. दिवाळीनंतर त्याच जागी मुगाएवढी पुटकुळी, फुटायची, सुकायची, परत फुटायची. दुखत फारसं नाही, पण ओलं. दिवसभर ओलं. पॅन्टला डाग पडेल म्हणून मी मीटिंगमधून सगळ्यात शेवटी उठायला लागलो, काळ्या पॅन्ट्स घालायला लागलो, ऑफिसच्या खुर्चीवर टॉवेल ठेवायला लागलो आणि कुणी विचारलं तर “एसीमुळे खुर्ची गार पडते” असं कैच्या कै सांगायला लागलो. बायकोला कळलं ते कपडे धुताना. ती काही बोलली नाही, कपाटातून स्वतःच्या पॅडचं पाकीट काढून बाथरूममधे माझ्या शेव्हिंग क्रीमशेजारी ठेवलं. पंधरा वर्षांच्या संसारात मी ते पाकीट दुकानातून आणलं होतं, काळ्या पिशवीत, पण उघडलं पहिल्यांदाच. चिकटवायचं कसं हे तिनं दाखवलं तेव्हा आम्ही दोघंही हसलो आणि मग मला एकदम रडू आलं, का ते अजून कळलेलं नाही.

ऑफिसमधे सांगितलं, बॅक इश्यू आहे. खोटं म्हणता येणार नाही.

टिळक रोडच्या डॉक्टरांनी लेटरहेडच्या मागे चित्र काढून दाखवलं. एकात एक दोन बांगड्या. “ही आतली बांगडी आपल्या ताब्यात नाही, ती आपोआप मिटलेली असते. ही बाहेरची आपल्या ताब्यात. आणि इथं, आतमधे, या रेषेवर बारीक ग्रंथी असतात, त्यातली एखादी तुंबते, पिकते, पू वाट शोधतो, स्नायूतून घुसून बाहेर कातडीला येतो. गळू फुटलं की तुम्हाला वाटतं संपलं. पण आतलं तोंड उघडंच राहतं आणि वाट तयार झालेली असते.” मी विचारलं, बसून बसून झालं का हो, आयटीमुळे? तर म्हणाले, तसं नसतं, शेतकऱ्यालाही होतं आणि मास्तरालाही होतं, पुरुषांना बायकांपेक्षा जास्त होतं, तुमच्या कंपनीवर केस टाकता यायची नाही. टीबी किंवा आतड्याचा क्रोन्ससारखा आजार नाही ना तेवढं बघू. मग घड्याळ आलं. या डॉक्टरांचं सगळं घड्याळावर चालतं, पेशंट उताणा झोपला की वर बारा, खाली सहा. माझं बाहेरचं तोंड पाचवर आणि आतलं सहावर, मधली वाट वाकडी, दोन्ही बांगड्यांतून जाणारी. मला आपलं वाटत राहिलं की आयुष्यभर ऑफिसात पाच ते सहाच्या मधेच काहीतरी गडबड व्हायची, ते उगीच नाही.

“सरळ कापून उघडा केला तर उत्तम बरा होतो,” ते म्हणाले, “शंभरातले नव्वदच्या वर. वरवरचा असता तर मी तेच केलं असतं. पण तुमच्यात बांगडी बरीच कापावी लागेल.” मग? “मग ताबा जातो. थोडा किंवा जास्त. शिंक आली, हसलात, की पंचाईत.” हे सांगताना ते पेनानं त्या बांगडीवर एक छोटी आडवी रेघ मारत होते, मारत होते, कागद फाटेपर्यंत. शरीरातल्या एवढ्याशा कड्यावर आपली आख्खी इभ्रत टांगलेली आहे हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. आणि ज्याला आपण सगळे इतकं हीन समजतो, ज्याचं नाव फक्त शिवीत घेतो, ते कडं झोपेतसुद्धा ड्युटीवर असतं.

पुढचे पंधरा दिवस मी रात्री बाराला मोबाईल घेऊन पालथा पडून हेच वाचत होतो. या विषयातल्या गेल्या वीसेक वर्षांतल्या सगळ्या धडपडीचं सार एकच, बांगडी न कापता बोगदा बंद कसा करायचा. कुणी त्यात गोंद भरून पाहिला. कुणी डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून केलेला बुचासारखा तुकडा खुपसला (हे आजीला सांगितलं असतं तर तिनं मला पंचगव्य पाजून वर घराबाहेर काढलं असतं). २००७ साली बँकॉकच्या रोजनासकुल नावाच्या सर्जननं दोन बांगड्यांच्या मधल्या फटीत शिरून बोगदा तिथंच बांधायचा आणि तोडायचा मार्ग सांगितला, त्याला लिफ्ट म्हणतात. इटलीच्या मैनेरोनं बोगद्यातच कॅमेरा घातला, त्याचं नाव व्हाफ्ट. आणि लेझर, म्हणजे बोगद्यात एक बारीक फायबर सरकवायची, तिच्या टोकातून चारी बाजूंना उष्णता निघते, भिंती आक्रसतात, फायबर हळूहळू मागे ओढत यायची. आमच्या शहरातल्या रिक्षांच्या मागे जे ‘लेझर’ लिहिलेलं असतं ते हे. फक्त रिक्षामागे ‘१०० टक्के गॅरंटी’ असतं आणि डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की लेझर काय, कॅमेरा काय, पहिल्या फटक्यात शंभरातले साठ-सत्तर बरे होतात, बाकीच्यांना परत यावं लागतं, पण बांगडी शाबूत असते त्यामुळे परत यायला जागा राहते. मला हा माणूस तिथंच आवडला. गॅरंटी देणाऱ्याकडून मी कधी प्रेशर कुकरसुद्धा घेतलेला नाही.

ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. कंबरेत सुई, पाच मिनिटांत पाय दुसऱ्याच कुणाचे तरी. ते दुसऱ्याचे पाय वर टांगले, मधे हिरवा पडदा. डॉक्टरांनी विचारलं, बघायचंय का, आणि मी हो म्हटल्यावर मॉनिटर माझ्याकडे वळवला. पेन्सिलीपेक्षा बारीक दुर्बीण, पुढून पाणी सोडत आत चाललेली, म्हणजे नुसतं पाणी नव्हे, वीज वापरता यावी म्हणून कसलंसं द्रावण. आणि पडद्यावर बोगदा. मी घाण बघायची तयारी केली होती. दिसलं ते गुलाबी, पांढरट, भिंतींना शेवाळासारखे तंतू, पाण्यात सावकाश हलणारे. मालवणला एकदा पाण्याखाली डोकं घालून बघितलं होतं त्याची आठवण झाली. “हा बघा कात्रजचा बोगदा,” डॉक्टर म्हणाले, सिस्टर हसली, बहुतेक रोज हसत असणार. एका वळणावर ते थांबले. डावीकडे अजून एक भोक. “ही फांदी एमआरआयवर नीट आली नव्हती.” आत गेले, दोन सेंटिमीटरवर वाट संपली. बंद गल्ली. मग परत मुख्य रस्त्यावर, पुढे, पुढे, आणि मग सिस्टरनं लाईट मंद केले आणि दुसरीकडून बघणाऱ्या ज्युनिअर मुलीनं सांगितलं, “सर, उजेड दिसतोय.” माझ्या आतून, आतल्या तोंडापाशी, दिव्याचा उजेड दिसत होता. सहाच्या काट्यावर.

त्यानंतरचं बघवलं नाही म्हणजे भीतीनं नाही, डोळेच मिटत होते. भिंती आतून जाळत आणणं, बाटली धुवायच्या ब्रशचं इवलंसं पिल्लू घालून खरडणं, आतलं तोंड टाके घालून मिटवणं. बाहेरचं भोक उघडंच ठेवतात, उरलंसुरलं वाहून जायला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी. बिल ८५ हजार, इन्शुरन्सनं बरीच घासाघीस करून त्यातले ७१ दिले.

आता टब. दिवसातून तीनदा कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसायचं होतं आणि बायकोनं माळ्यावरून लेकीचा टब काढला, तान्ही असताना तिला ज्यात आंघोळ घालायचो तो, गुलाबी, तळाला बदकाचं चित्र. घासूनपुसून बाथरूममधे ठेवला. लेक आता तिसरीत आहे. दाराबाहेर उभी राहून तिनं विचारलं, “बाबा, तू माझ्या टबात मावतोस?” मी म्हटलं, अर्धा मावतो. “शू केलीस का त्यात?” नाही गं बाई. “मी करायचे,” ती म्हणाली, आणि समाधानानं निघून गेली.

त्या टबात बसून मी बदकाच्या साक्षीनं बराच अभ्यास केला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईला हेच झालं होतं. राजवैद्यांनी लेप-पोटिसं करून पाहिली, शेवटी फेलिक्स नावाच्या शल्यवैद्यावर आलं, आणि त्यानं राजाला हात लावायच्या आधी कित्येक महिने गोरगरिबांवर, कैद्यांवर सराव केला. काही त्यात गेले म्हणतात. १८ नोव्हेंबर १६८६ ला राजाचं ऑपरेशन झालं, भूल नाही काही नाही, आणि राजा बरा झाला. गंमत पुढे आहे. दरबारात ही फॅशन झाली. सरदार लोक, ज्यांना काही झालेलं नाही तेही, शल्यवैद्याकडे जाऊन आमचंही करा म्हणू लागले आणि नाही केलं तर रुसू लागले. हे वाचून मी टबात एकटाच हसलो आणि टाका ओढला गेला. चार्ल्स डिकन्सचंही झालं, १८४१ साली, ईथरची भूल यायच्या आधीच. म्हणजे जिथं तिथं मोठी मोठी माणसं उभ्यानं वेटिंग करून गेलेली आहेत. आणि आपला सुश्रुत तर या सगळ्यांच्या कितीतरी आधीचा. माझी मामेबहीण वैद्य आहे, ती फोनवर म्हणाली, अरे अष्टमहागदांत धरलंय त्यानं हे, बरं करायला महाकठीण अशा आठ रोगांत. तिनं प्रकार सांगितले, शतपोनक म्हणजे चाळणीसारखी भोकं, उष्ट्रग्रीव म्हणजे उंटाच्या मानेसारखा, शंबूकावर्त म्हणजे शंखातल्या वेढ्यासारखा. काय नावं आहेत! घाणीकडे इतकं रोखून आणि इतक्या निर्मळ नजरेनं कुणीतरी बघितलं होतं म्हणून ही नावं सुचली ना. आणि आपण पुढे त्याच शब्दाचं काय केलं, तर मुतारीच्या भिंतीवर नेऊन लिहिला.

तिनं क्षारसूत्राचंही सांगितलं, जरा रागावूनच, कारण मी तिला न विचारता दुर्बीण घालून घेतली होती. दोऱ्यावर एकवीस लेप असतात, निवडुंगाच्या चिकाचे, मग चीक आणि आघाड्याचा क्षार, शेवटी चीक आणि हळद. तो दोरा बोगद्यातून ओवून बाहेर गाठ मारायची. दर आठवड्याला जुन्या दोऱ्याला नवा बांधून ओढून घ्यायचा. दोरा हळूहळू कापत जातो आणि कापत जातो तसंच मागून भरत येतं, त्यामुळे बांगडी एकदम तुटून उघडी पडत नाही. आयसीएमआरनं, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, मोठी चाचणी घेतली होती, म्हणाली, १९९१ ला छापून आली, वेळ दुप्पट लागला पण परत होण्याचं प्रमाण ऑपरेशनच्या मानानं बरंच कमी निघालं. “दुखतं का?” मी विचारलं. “दोरा बदलायच्या दिवशी दुखतं,” ती म्हणाली. “पण माणसं येतात बदलायला, दर गुरुवारी रांग असते आमच्याकडे.”

गुरुवार हा शब्द मी ऐकला आणि सोडून दिला.

कारण त्याच काळात लेक मधूनच सांगायची की गुरुवारी रिक्षावाले काका येत नाहीत, त्यांचा भाचा येतो, तो खूप जोरात चालवतो आणि गाणी लावतो. मला वाटलं, दत्ताचं काही असेल. मी तेव्हा घरीच होतो. सात दहाचा हॉर्न ऐकला की गॅलरीच्या पडद्याआड जायचो, म्हणजे काकांना दिसू नये आणि मला मात्र ते दिसावेत. काका तिरके बसलेले असायचे, एक मांडी सीटवर, एक पाय बाहेर, खाली पंचाची घडी. पण रिक्षावाला तिरका बसला तर कुणाला काय कळणार? पुण्यातले सगळेच रिक्षावाले तिरके बसतात. मी मात्र घरात सरळ बसायला सात आठवडे घेतले आणि त्यातले पाच वर्क फ्रॉम होम, उशीवर, एक कुल्ला अधांतरी. ते रोज आठ पोरं घेऊन, मेट्रोच्या खोदकामातून, त्या खड्ड्यांतून आणि पाणी तुंबलेल्या चेंबरवरून. त्यांचं बूड म्हणजे त्यांचं दुकान. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं आणि मी पडदा जरा अजून ओढून घेतला होता.

जखम भरली. म्हणजे डॉक्टर म्हणतात भरली. एप्रिलमधे त्यांनी बघून पाठ थोपटली आणि म्हणाले सहा महिन्यांनी या, न आलात तर अजून चांगलं. मी अजूनही रोज सकाळी टिश्यू उजेडात धरून बघतो, सोनार बघतो तसा. कोरडा निघाला की दिवस चांगला जातो.

जूनमधे शाळा सुरू झाली त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी असा पाऊस आला की समोरची बिल्डिंग दिसेना, शाळेनं मुलं लवकर सोडली, मेसेज आला, न्यायला या. माझी बाईक राजाराम पुलाच्या अलीकडे पाण्यात बंद पडली ती तिथंच लावून मी चालत, भिजत शाळेवर पोचलो तर बाकीची पोरं गेलेली आणि आमची एकटी काकांच्या रिक्षात पुढच्या सीटवर, काकांच्या डब्यातली भाकरी खात बसलेली. “बसा साहेब, सोडतो,” काका म्हणाले. नाही म्हणायला कारण सुचेना. मागे बसलो. ताडपत्रीचे पडदे खाली सोडलेले, आत ओल्या दप्तरांचा आणि पेट्रोलचा वास, वायपर एका बाजूचाच चालू.

बराच वेळ कुणी बोललं नाही. विठ्ठलवाडीपाशी सिग्नलला काकांनी आरशातून माझ्याकडे बघितलं.

“मित्र कसाय तुमचा? झाला का बरा?”

चेहऱ्यावर काहीसुद्धा नाही. आरशात फक्त डोळे आणि भुवया दिसत होत्या.

“बराय,” मी म्हटलं. मग सिग्नल सुटला, मागून हॉर्न सुरू झाले, रिक्षा पुढे गेली आणि मी एकदम बोलून टाकलं, “काका, मित्र वगैरे कुणी नव्हता. मलाच होतं. भगंदर.” तो शब्द मी घराबाहेर पहिल्यांदाच मराठीत उच्चारला असेन, आणि तोही पावसाच्या आवाजावर ओरडून.

“माहितीये की,” काका म्हणाले. “फेब्रुवारीतच कळलं. हिनंच सांगितलं, आमचे बाबा माझ्या टबात बसतात म्हणून. आख्ख्या रिक्षाला सांगितलं.” लेक भाकरी खात निवांत म्हणाली, “बदकवाल्या.” तर गेले चार महिने सिंहगड रोड ते कर्वेनगर आठ पोरांना, त्यांच्या आठ आयांना आणि बहुधा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना माझा टब ठाऊक होता आणि मी पडद्याआड उभा होतो.

“तुमचं?” मी विचारलं.

“माझं काय, तुमच्या त्या डॉक्टरनं पंच्याऐंशी सांगितले. चांगला वाटला माणूस, पण म्हटलं गाडीचं पासिंग व्हायचंय, पोराची फी. मग रास्ता पेठेत दोरा घातला. अकरा गुरुवार. दोरा ओढला की दोन दिवस डोळ्यांपुढे काजवे, मग पाच दिवस बरं. आता सुटला.” जरा थांबून म्हणाले, “त्या दिवशी तुम्हाला बघून बरं वाटलं होतं मला. म्हटलं, चला, बोलायला कुणीतरी झालं.”

यावर मी काय बोलणार होतो? मी “हो” असं काहीतरी पुटपुटलो, ते पावसात त्यांना ऐकू गेलं नसावं, गेलं असलं तरी ते पुढे काही म्हणाले नाहीत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सोसायटीवाल्यांनी घातलेला एक स्पीडब्रेकर आहे, बेकायदेशीर, उंच, गुडघाभर म्हणा. पाण्याखाली तो दिसत नव्हता पण काकांना पाठ होता. त्यांनी रिक्षा तिरकी घेतली, आधी पुढचं चाक, मग एक मागचं, मग दुसरं, आणि पुढचं चाक चढायच्या क्षणी हँडल धरून सीटवरून चार बोटं वर उठले. त्याच क्षणी मीही मागे दोन्ही हात सीटवर दाबून उठलो. आरशात नजरानजर झाली.

“तुम्ही दोघं एकदम का उठलात?” लेकीनं विचारलं.

“नमस्कार करायचा असतो स्पीडब्रेकरला,” काका म्हणाले.

आमच्या गेटच्या आत अजून एक आहे, छोटा, रबरी. त्याला तीही उठली.